आठवी गणित : आधी नियम, मग समीकरण (प्रकल्प नोंदी)

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली पण वर्ग अजून भरत नाहीये, आमच्याकडे कापूस वेचणी जोरात आहे त्यामुळे पटावरची निम्मी पोरं शेतात. जी आली त्यांना घेऊन सुरुवात केली. यंदा ठरवलंय की 'एका चलातील समीकरणे' थेट धडा उघडून शिकवायचं नाही. पुस्तकात तो बारावा, आणि 'चलन' सातवा, तो दिवाळीआधीच उरकलाय, पण पोरांच्या लेखी या दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, एकात सम आणि व्यस्त ओळखायचं, दुसऱ्यात क्ष काढायचा. मला उलटं करून बघायचंय. आधी एक गोष्ट बदलली की दुसरी कशी बदलते ते टेबलात मांडायचं, आलेखावर बघायचं, तोंडाने सांगायचं, आणि मग त्याच नियमाला प्रश्न विचारायचा की एवढं कधी होईल? तो प्रश्न म्हणजे समीकरण. फल (फंक्शन, म्हणजे एक संख्या दिली की ठरलेली एकच दुसरी देणारा नियम) हा शब्द त्यांना अकरावीत भेटेल, पण वस्तू आत्ताच हाताळायला काय हरकत आहे.

पहिल्या दिवशी फक्त तपासणी. फळ्यावर लिहिलं, ८ + ४ = __ + ५, चौकट भरा. बहुतेकांनी १२ भरले, काहींनी सगळंच मिळवून १७, ७ लिहिणारे अगदी मोजके. म्हणजे बरोबरचं चिन्ह हे 'आता उत्तर लिहा' असं बटण आहे त्यांच्यासाठी. वह्या चाळल्या तर पानोपानी ५ × ३ = १५ + २ = १७, आणि त्याच्यावर आमच्याच कुणाची तरी लाल बरोबरची खूण! हे पहिलीपासून मुरलंय.

प्रशिक्षणात दरवेळी सांगतात तराजू दाखवा, दोन्ही पारडी सारखी म्हणजे बरोबर. आता तराजू बघितलाय कुणी? किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा, कापूस विकायचा तर वजनकाटा, त्यावर आकडा येतो, म्हणजे परत उत्तरच. त्यामुळे तराजू बाजूला ठेवला आणि सरळ 'हे सारखं आहे का' असे खरं-खोटं प्रश्न घेतले. ७ = ७ खरं का? अर्धा वर्ग म्हणाला खोटं, कारण 'काही केलंच नाही सर'. ९ = ४ + ५ उलटं लिहिलंय म्हणून खोटं. मग रॉबर्ट रेकॉर्डची गोष्ट सांगितली, वेल्सचा माणूस, १५५७ च्या पुस्तकात त्याने हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, 'सारखं आहे' हे शब्द पुन्हापुन्हा लिहून कंटाळला होता आणि दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काय असणार म्हणून या दोन रेघा. ही गोष्ट आवडली पोरांना. त्यानंतर १७ वाले कमी झाले, १२ वाले अजून आहेत.

१२ नोव्हेंबर

काडेपेटीच्या काड्या. एक चौकोन ४ काड्या, शेजारी चिकटून दुसरा केला की ७, तिसरा १०. शंभर चौकोनांना किती? पहिलं उत्तर ४०० आलंच, पण शेजारच्याने लगेच हाणून पाडलं की मधली काडी दोघांची मिळून असते. मग तीन गट तीन वाटांनी गेले. एक गट म्हणाला पहिल्याला ४ आणि पुढच्या ९९ ला तीन तीन. दुसरा म्हणाला सुरुवातीची एक उभी काडी आणि मग प्रत्येकाला तीन. तिसरा म्हणाला सगळ्यांना चार द्या आणि दुप्पट मोजलेल्या ९९ परत घ्या. तिन्हीकडून ३०१. तिन्ही फळ्यावर तसेच ठेवले आणि म्हणलं १०० च्या जागी कितीही चौकोन येऊ देत, त्याला च म्हणू, लिहा. दुसऱ्या गटाचं ३च + १ सगळ्यात आटोपशीर निघालं, बाकीच्या दोघांचं सोडवलं तर तेच येतं हे त्यांनीच करून बघितलं, कंस कशाला सोडवायचे हा प्रश्न आज पहिल्यांदा कुणी विचारला नाही.

शेवटी उलटं विचारलं, माझ्याकडे ६१ काड्या आहेत, किती चौकोन होतील? एक काढली, तीनने भागलं, २०. आणि ६० असतील तर? १९ आणि दोन काड्या हातात. समीकरण हा शब्द मी काढला नाही, त्यांनीही नाही.

१४ नोव्हेंबर

अक्षरांचा गोंधळ निस्तरण्यात तास गेला. ३च मध्ये च = २ ठेवा म्हणलं तर ३२ लिहिणारे चारपाच जण. त्यांचं तरी काय चुकलं, ३ च्या शेजारी २ ठेवला की बत्तीसच वाचतात ना आजवर. गुणाकाराचं चिन्ह आपण गाळतो हे आपण कधी मोठ्याने बोलतच नाही. पुढचे काही दिवस ३ × च असंच लिहायचं, चिन्ह कधी गाळायचं ते पोरं ठरवतील.

दुसरा गोंधळ जास्त खोल आहे आणि तो हुशार पोरांतही असतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे, म्हणलं मुलं म, शिक्षक श, पटसंख्या बरोबर तेवढीच आहे असं धरा आणि नियम लिहा. जवळपास सगळा वर्ग ३५म = श. वाचताना छान वाटतं, पस्तीस मुलं एक शिक्षक. पण म म्हणजे 'मुलं' नाही, म म्हणजे मुलांची संख्या. म = ७० ठेवा म्हणलं, शिक्षक २४५० आले! वर्गात हशा. एकजण म्हणाला सर मग तुम्हाला कामच राहणार नाही. (तसं झालं तर ऑनलाइन माहिती भरायलाच दोन हजार लागतील, असो.) मग स्वतःच उलटवून म = ३५श केलं. 'आ म्हणजे आंबे' असं शिकवण्याची जी पद्धत आहे ना, ३ आंबे + २ आंबे = ५ आंबे, तिथून हे सगळं येतं असं माझं मत आहे. बेरजेपुरतं चालतं, पुढे जाऊन गळ्याशी येतं.

१८ नोव्हेंबर

आज शेतातली पोरं बरीच परत आली, म्हणून त्यांचाच विषय. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते हे सगळ्यांना पाठ. सोपं जावं म्हणून किलोला १० रुपये धरले, आणि दुसऱ्या शेतात रोज ३००, कितीही वेचा. कुठे जायचं? 'रोजाने जायचं सर, काम कमी' असं एक उत्तर लगेच आलं, त्याचं वेगळं कौतुक. मग टेबल केलं, १० किलो, २० किलो, ४० किलो, आलेख कागदावर बिंदू मांडले. किलोची रेघ शून्यातून निघून वर चढते, रोजाची आडवी. ३० किलोला दोन्ही भेटतात, त्याच्या अलीकडे रोज बरा, पलीकडे किलो.

रोजाच्या रेघेवर मात्र वाद झाला. मजुरी = ३००, यात किलो कुठेच नाही, मग हा नियम कसा? एका पोरीने सोडवलं, ती म्हणाली मला कुणी विचारलं १७ किलो वेचले तर किती, तर मी सांगू शकते ना, मग नियम आहे. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

यात ज्या मुली खरंच सुट्टीभर वेचायला गेल्या होत्या त्यांना आलेख वाचायला शून्य वेळ लागला. तुझी आई दिवसाला किती वेचते, तर पन्नासच्या वर. मग बोट सरळ आलेखावर त्या ठिकाणी, ५०० रुपये.

२१ नोव्हेंबर

अगरबत्तीचा दिवस. याची तयारी आठवडाभर डोक्यात होती. उतरती रेघ पुस्तकात क्वचित येते आणि पोरांना वाटतं रेघ म्हणजे चढणारच. अगरबत्ती बारीक आणि सारख्या जाडीची असेल तर बऱ्यापैकी एका वेगाने जळते, मेणबत्तीसारखी ओघळत नाही. बटाट्यात खोचली, मागे पट्टी उभी बांधली, मसाल्याचा भाग १८ सेंटीमीटर. खिडक्या बंद, पंखा बंद, तसंही लाईट नव्हतीच. दर पाच मिनिटांनी एकाने घड्याळ बघायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी लिहायचं. शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या, आज कसली पूजा सर?

नोंदी अशा आल्या : ० मिनिटाला १८, पाचला १५.४, दहाला १३.१, पंधराला १०.४, विसाला ८. पाच मिनिटांत साधारण अडीच, म्हणजे मिनिटाला अर्धा. पंधरा मिनिटं झाल्यावरच थांबवून विचारलं होतं की आता न बघता सांगा ३० मिनिटांना किती उरेल. कुणी पट्टी लावून रेघ पुढे वाढवली, कुणी टेबल पुढे नेलं. ३ सेंटीमीटर. नियम त्यांच्या शब्दांत, 'अठरातून मिनिटांच्या निम्मे वजा'. फळ्यावर ल = १८ − म/२, ल म्हणजे उरलेली लांबी, म म्हणजे झालेली मिनिटं. आणि संपणार कधी? छत्तीसला.

२५ व्या मिनिटाला मोजलं तर ५.५ यायला हवं होतं, आलं ४.७. कुजबुज सुरू, वाचणाऱ्यावर आरोप. मी काही बोललो नाही, बिंदू मांडा म्हणलं. बिंदू मांडला तर रेघ विसाच्या पुढे एकदम खाली वाकलेली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्याने वर बोट केलं, सर पंखा! लाईट मध्येच आली होती आणि पंखा आपोआप सुरू झाला होता, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आलेखाने पकडून दिलं. चढ हा शब्द मी तिथे वापरला, की पंखा लागला तेव्हा रेघेचा चढ बदलला, आणि परत समजवावा लागला नाही.

एका गटाचा आलेख मात्र सरळच्या सरळ, पंख्याचा पत्ताच नाही. बघितलं तर त्यांनी वाय अक्षावर आलेल्या नोंदीच सारख्या अंतरावर लिहून टाकल्या होत्या, १८, १५.४, १३.१, १०.४, ८, ४.७, सगळ्या एकेका चौकटीवर. असं केलं तर जगातल्या कुठल्याही माहितीची सरळ रेघच येणार. हे फार पोरं करतात आणि आलेख सुबक दिसतो म्हणून आपण बरोबर देऊन मोकळे होतो. त्यांना म्हणलं मला पट्टीवर ८ आणि ४.७ दाखवा, आणि मग १८ आणि १५.४ दाखवा, अंतर सारखं आहे का? आलेख परत काढला.

२४ नोव्हेंबर

दोन अगरबत्त्या शेजारी शेजारी. बारीक १८ ची तीच, आणि जाड मसाल्याची, मोडून १५ ची केलेली. जाड हळू जळते, आदल्या दिवशी एकाने घरी मोजून आणलं होतं, मिनिटाला ०.३. दोघी सारख्या उंचीच्या कधी होतील? आधी आलेख, रेघा पंधराव्या मिनिटाला साडेदहावर छेदतात. मग एक मुलगी म्हणाली आलेख कशाला, बारीक ३ ने मोठी आहे आणि दर मिनिटाला ०.२ जास्त संपते, तीनात ०.२ किती वेळा, पंधरा. यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. प्रत्यक्षात सतराव्या मिनिटाच्या आसपास झाल्या सारख्या. फरक का पडला याची यादी पोरांनी केली, राख वाकली, वाचताना डोळा वर होता, जाड अगरबत्ती पेटायला वेळ लागला.

२८ नोव्हेंबर

आता पुस्तकातली समीकरणं. (पुस्तकात एक्स आहे, इथे क्ष लिहितोय.) आणि अपेक्षेप्रमाणे ट्यूशनवाली पोरं जागी झाली, 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं'. क्ष + ५ = १२ ला चालतं. ३क्ष = १२ ला काय केलं तर क्ष = १२ − ३ = ९. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं! दुसऱ्याने क्ष = १२ भागिले उणे ३ केलं, त्याचंही चिन्ह बदललं. नियम दोघांनीही पाळलाय, हे लक्षात घ्या. नियमच असा आहे की तो काय केलं ते सांगत नाही, फक्त कसं दिसतं ते सांगतो.

ओरडलो नाही. ९ परत ठेव म्हणलं, तीन नव्वे सत्तावीस, बारा नाही. ताळा करणं हे पोरांना शिक्षेसारखं वाटतं कारण आपण तो शेवटी, उत्तर आल्यावर, मार्कांसाठी करायला लावतो. आता उलटं ठरवलंय, समीकरण दिलं की आधी दोन अंदाज ठेवून बघायचे, खाली पडतो की वर जातो, आणि मग सोडवायचं. ३क्ष + ४ = १९ मध्ये क्ष = १ ठेवला तर ७, क्ष = १० ठेवला तर ३४, म्हणजे उत्तर मध्येच कुठेतरी. मग कुणी उणे उत्तर घेऊन आलं तर बाजूचाच ओरडतो.

'पलीकडे' हा शब्द वर्गात बंद केलाय. दोन्ही बाजूंना काय केलं ते डाव्या समासात लिहायचं, '− ४', 'भागिले ३'. ट्यूशनच्या सरांचा निरोप आला की पोरांना उगाच लांब पद्धत का शिकवता. बरं.

५ डिसेंबर

मध्ये काही दिवस इलेक्शन ड्युटीत गेले. आज भास्कराचार्यांचे घोडे.

आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला असं त्यात कोरलंय. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. पोरं पाटणादेवीला दरवर्षी जातात, हे कुणाला माहीत नव्हतं. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातलं गणित असं : एकाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे, दुसऱ्याकडे १० घोडे पण डोक्यावर १०० चं कर्ज, दोघांची संपत्ती सारखी, सगळे घोडे एकाच किमतीचे, तर एका घोड्याची किंमत काय? पोरांनी लगेच घोड्यांच्या बकऱ्या केल्या.

हे गणित मुद्दाम इथे आणलं. ३क्ष + ४ = १९ सारखं काहीही पोरं उलटं चालत जाऊन सोडवतात, चार काढा, तीनने भागा, काड्यांचं तसंच केलं होतं. इथे ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, क्ष दोन्हीकडे, उलटं कुठून चालणार? सुरुवातच सापडत नाही. आठवीतला खरा डोंगर हा आहे आणि पुस्तक इथे फार झटकन पुढे सरकतं.

दोन वाटा निघाल्या. एक टेबलाची : किंमत ५० धरली तर ६०० आणि ४००, ८० धरली तर ७८० आणि ७००, अंतर कमी होतंय, १०० ला दोन्हीकडे ९००. दुसरी वाट जो पोरगा एरवी गणितात तोंड उघडत नाही त्याची. अहिराणीत सुरू झाला आणि मग मध्येच मराठीत आला. दुसऱ्याजवळ चार बकऱ्या जास्त आहेत, आणि पैशांनी तो चारशेने मागे आहे, कारण पहिल्याचे तीनशे आणि याचं शंभर कर्ज. तरी दोघं सारखे. म्हणजे चार बकऱ्या बरोबर चारशे. शंभरला एक. फळ्यावर मी त्याच्याच शब्दांखाली एकेक ओळ लिहीत गेलो, दोन्हीकडून ६क्ष काढले, दोन्हीकडे १०० मिळवले, ४क्ष = ४००. शंभरला बकरी मिळत नाही हो सर, एवढीच तक्रार आली. कर्ज म्हणजे उणे हे वेगळं सांगावं लागलं नाही, आमच्याकडे ते सगळ्यांना घरूनच कळतं.

११ डिसेंबर

एसटी आणि वीजबिल, दोन्ही एकाच तासात घेतले, गर्दी झाली पण पोरं खूष.

एसटीच्या साध्या गाडीचं भाडं टप्प्याने, सहा किलोमीटरचा टप्पा, जानेवारी २०२५ ला वाढलं तेव्हा ८.७० चा टप्पा १०.०५ झाला. सात किलोमीटर गेलात तरी दोन टप्पे. आलेख काढला तर रेघ नाही, जिना! मग हा नियम आहे का? अंतर सांगितलं तर भाडं एकच येतं ना, येतं, मग आहे. उलटं, २०.१० दिले तर किती किलोमीटर गेला? सांगता येत नाही, सात ते बारा काहीही. इथे पोरं जरा विचारात पडली, तेच हवं होतं. बायकांचं निम्मं तिकीट म्हणजे तोच जिना निम्म्या उंचीचा. त्यावर बाहेरगावाहून येणारी एक मुलगी म्हणाली, सर आमचा अहिल्याबाई होळकरचा पास फुकट, म्हणजे माझा जिना जमिनीवरच.

वीजबिल घरून आणायला सांगितलं होतं. स्थिर आकार म्हणजे एकही युनिट न जाळता लागणारे पैसे, आलेख शून्यातून का निघत नाही ते बिलावरच दिसतं. घराघरात एक समज पक्का आहे की १०० युनिटच्या वर एक गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं. दर बदलत राहतात म्हणून फळ्यावर सोपे धरले, स्थिर आकार १३०, पहिल्या १०० युनिटला ५, वरच्याला १०. शंभर युनिटला ६३०. एकशे एकला? निम्म्यांनी ११४० सांगितलं. मग बिलाच्या मागे टप्प्यांचे दर कसे लावलेत ते बघितलं, ६४० च येतं, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना. आलेख १०० वर मोडतो पण तुटत नाही, चढ बदलतो फक्त. पंख्याची अगरबत्ती आठवली का विचारायच्या आत दोघं बोलले. एकाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की वडिलांना पटत नाहीये, बिल परत न्यायचंय.

२२ डिसेंबर

रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिवस, त्यामुळे वर्गाबाहेर मांडामांड. टीव्हीच्या खोक्याचं मशीन, आत एक पोरगं बसलेलं, सातवीवाल्यांनी चिठ्ठीवर संख्या टाकायची, आतून दुसरी बाहेर, नियम ओळखायचा. आतल्याने एकदा ४ ला ९ दिले आणि थोड्या वेळाने ४ ला ११. बाहेर गोंधळ, मशीन बिघडलं. तेव्हा सांगितलं की एकाच संख्येला दोनदा वेगळं उत्तर देणाऱ्याला फल म्हणत नाहीत. लगेच उदाहरणं सुरू. हजेरी क्रमांकावरून नाव, चालतं. नावावरून क्रमांक? वर्गात तीन वैष्णवी आहेत, नाही चालत.

छोटी चाचणी पण झाली. ८ + ४ वाला प्रश्न परत टाकला होता, १२ लिहिणारे अजून आहेत थोडे. ३५म = श करणारेही आहेत, मागच्यापेक्षा कमी. क्ष दोन्हीकडे असलेली दोन गणितं मात्र मला वाटलं त्यापेक्षा जास्त जणांना आली, आणि काहींनी समीकरण न मांडता 'फरक एवढा, दरवेळी एवढा मिटतो' असं करून उत्तर काढलं. पूर्ण मार्क दिले. अपूर्णांकवाली, म्हणजे क्ष/३ + क्ष/२ = ५ छाप, पडली. तिथे अडचण समीकरणाची नाही, अपूर्णांकाची आहे, आणि ती पाचवी-सहावीपासूनची उधारी आहे.

६ जानेवारी २०२६

चक्रवाढ व्याजाचा धडा याच टेबलांवर घेतोय. १०,००० रुपये, १० टक्के, ११,००० मग १२,१०० मग १३,३१०. फरकांचा कॉलम आता पोरं न सांगता काढतात, १०००, ११००, १२१०, फरक सारखा नाही म्हणजे रेघ सरळ नाही. शेजारी सरळव्याजाची रेघ काढायला लावली, पण चार वर्षांत दोन्ही इतक्या जवळ राहतात की आलेखावर फरक दिसतच नाही. वीस वर्षांपर्यंत न्यावं लागेल, कॅल्क्युलेटर वापरू देणार. त्यासाठी आलेख कागद दोन दोन चिकटवून उभे करायचे, वाय अक्षावर १ सेंटीमीटर = २००० रुपये धरलं तर बसतं.